शारदाक्काचा दुसरा व्हिडिओ

खडेबाजार

बेळगावच्या खडेबाजारात साडीच्या दुकानात शिरलो आणि दुकानदारानं हेमंतला विचारलं, "यांना काय दाखवू, साहेब?"

हेमंत माझा नवरा. गणित शिकवतो आणि बाजारात तोंड उघडत नाही. साडी मला हवी होती, पर्स माझ्या खांद्याला होती आणि बोलतही मीच होते. पण माझ्या उजव्या पायात कॅलिपर आहे, हातात काठी आहे, आणि एवढं दिसलं की पुष्कळ माणसांना माझा आवाज ऐकूच येईनासा होतो. पोलिओनं माझा पाय नेला, जीभ नेली नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

"'यांना' इरकल दाखवा," मी म्हटलं, "आणि घासाघीस करायची ती माझ्याशी करा."

दुकानदार आधी दचकला, मग मोकळेपणानं हसला. "बसा की मग आक्का. चहा सांगतो." आणि चहा येईपर्यंत त्यानं विचारूनही टाकलं, "पायाला काय झालंय म्हणायचं?" मी सांगितलं. त्यानं त्याच्या मावसभावाच्या कमरेची सगळी हकिगत ऐकवली. आमच्या रत्नागिरीत असं कुणी तोंडावर विचारत नाही. तिथं माणसं नजर चोरतात आणि आपण पुढं गेलो की बायकोला कोपर मारून दाखवतात. इथं दोन मिनिटांत विचारून मोकळे! मला ते चक्क आवडलं. साडीच्या भावात मात्र त्यानं मला काडीची सवलत दिली नाही, तेही आवडलं.

आता आम्ही इकडे कशाला आलो होतो ते सांगते. एका मासिकानं मला लेख मागितला होता: बातम्यांत, मालिकांत, मोबाइलवरच्या व्हिडिओंत अपंग माणसं कशी दाखवतात. त्यांना वाटलं, मी काठीवाली, म्हणजे मला आतलं सगळं ठाऊक असणार. लोक आपल्याकडं बघतात त्यातलं मला ठाऊक आहे, दाखवण्यातलं कुठं आहे? म्हणून ठरवलं, हे व्हिडिओ करणाऱ्या एखाद्याला त्याच्या गावात जाऊन गाठायचं आणि विचारायचं, बाबा रे, तू हे करतोस तरी कसं?

निपाणीच्या मिलिंदचे व्हिडिओ मी पाहिले होते. त्याची मोबाइलवरची वृत्तवाहिनी आहे. वाहिनी म्हणजे तो स्वतः, एक कॅमेरा आणि एक मोटारसायकल. फोन केला तर म्हणाला, "या की मॅडम, माझ्या सगळ्यात गाजलेल्या स्टोरीलाच भेटवतो तुम्हाला."

जाण्याआधी एक दिवस बेळगाव खाल्लं. कुंदा मी लहानपणापासून ऐकून होते. तो खाल्ला आणि दुधाला इतकं आटवायची चिकाटी कुणाला सुचली असेल याचं नवल करत बसले. मांडे मात्र पहिल्यांदाच पाहिले. पालथ्या घातलेल्या तापल्या भांड्यावर ती बाई हातातलं पीठ इतकं पातळ लांबवत होती की पलीकडचा हेमंत दिसत होता. आमच्याकडे घावन घालताना सुद्धा माझी तारांबळ उडते. मी बराच वेळ बघत उभी राहिले. शेवटी तिनंच स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाली, "बसून बघा, पळून जात न्हाय मी."

तवंदी घाटातून खाली

बेळगाव ते निपाणी कर्नाटकाच्या बसनं गेलो. बायकांना तिकडे बस फुकट, पण ती कर्नाटकातल्या बायकांना. कंडक्टरनं माझं आधार कार्ड बघितलं, "महाराष्ट्र" म्हणाला आणि तिकीट फाडायला घेतलं. तेवढ्यात त्याची नजर कॅलिपरवर गेली आणि हात थांबला. मागच्या बाकावरून कुणी कन्नडमध्ये काहीतरी म्हणालं, पुढून एक आजी मराठीत ओरडल्या, "सोड की रं लेकरा, बिचारी पांगळी हाय!" तिसऱ्यानं हिंदीत नियम समजावला. सगळी बस माझा निकाल लावत होती आणि मला कुणी विचारत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "अहो, मी पगार घेते! द्या तिकीट!" मी म्हटलं. कंडक्टरनं घाईघाईनं तिकीट दिलं. आजींना राग आला नाही. त्यांनी पिशवीतून पेरू काढला, पदराला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "लई तिखट हायस गं," म्हणाल्या. आता पेरूला कोण नाही म्हणेल? मीठ नव्हतं, एवढीच उणीव.

रस्ता मोठा करण्याचं काम चाललेलं, त्यामुळे धूळ भरपूर. पण तवंदी घाट उतरताना खालची सगळी काळी जमीन आणि उसाचे हिरवे पट्टे एकदम समोर येतात. आमच्या तांबड्या जांभ्याची सवय असलेल्या डोळ्यांना ती काळी माती ओली केल्यासारखी वाटते. पाट्यांवर वर कन्नड, खाली मराठी, कुठं फक्त एकच. हेमंत खिडकीशी बसून कन्नड अंक वाचायला शिकत होता. निपाणीत उतरलो तेव्हा तंबाखूचा वास आधी आला आणि मिलिंद नंतर.

निपाणी

मिलिंद पस्तिशीचा, नीटनेटका, शर्टाला कडक इस्त्री. वडील बँकेतून निवृत्त झालेले, बहीण बेळगावात डॉक्टर. त्यांच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात वर वाचनालय आहे, ते त्यानं पहिल्यांदा दाखवलं. मुलं परीक्षांचा अभ्यास करत होती. कुणी मान वर करून बघितलं नाही.

"मागं एकदा मोठ्या वाहिनीची गाडी आलती इथं," तो म्हणाला. "वडलांनी त्यांना हे सगळं दाखवलं. चहा दिला, पुस्तकं दाखवली. संध्याकाळी टीव्हीवर काय आलं? कोपऱ्यावरची गटार. त्या गटारीपुढं उभं करून एका म्हाताऱ्याला विचारलं, कसं वाटतं म्हणून! त्याच दिवशी ठरवलं मॅडम, आपल्या लोकांचं आपणच दाखवायचं."

मला पोरगा आवडला. मग त्यानं मोबाइलवर काम कसं करतो ते दाखवलं. संगीताचे तुकडे त्यानं आधीच साठवून ठेवलेत. त्यांना नावं दिलीत: करुण, करुण जास्त, जिद्द, यश.

"आणि अपंगाची स्टोरी असली की?" मी विचारलं.

"करुणनं सुरुवात, जिद्दनं शेवट," तो चटकन म्हणाला. "बासरी लागतेच. बासरी न्हाय लावली तर लोक पुढं ढकलतात."

"माझ्यावर केलीस तर?"

त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. "तुम्हाला जिद्द पुरंल बहुतेक," म्हणाला. हेमंत इतक्या जोरात हसला की वाचनालयातल्या मुलांनी आता मात्र माना वर केल्या.

बोरगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी करून तिघं बोरगावला निघालो. मिलिंद खुशीत होता. शारदाक्काचा व्हिडिओ त्यानं उन्हाळ्यात केला होता. बायकांचे ब्लाऊज शिवणारी, कमरेखाली ताकद नसलेली बाई. लाखो लोकांनी बघितला, दुबईहून फोन आले, असं तो सांगत होता. मी तो पाहिला होता. बाई उंबरा ओलांडून सरपटत आत जाते. तेच तीनदा, सावकाश. मग मशीन, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि बासरी.

"त्यानंतर भेटलास का तिला?"

"न्हाय, वेळच मिळाला न्हाय. पण खूश असणार बघा. नाव केलं तिचं."

दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. सगळा कारभार जमिनीवर. मशीनच्या टेबलाचे पाय कापून ते बुटकं केलेलं. मशीनच्या मोटारीचं पेडल पायाखाली असतं ना, ते शेजारच्या पाटावर होतं आणि शारदाक्का डाव्या कोपरानं ते दाबत होती. कोपर किती दाबायचं त्यावर शिलाईचा वेग. सतरंजी भिंतीपासून भिंतीपर्यंत, म्हणजे जो कुणी येईल त्यानं तिच्या पातळीला येऊन बसायचं. पलीकडं तिच्या हाताखालच्या दोघी बायका रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. चाळिशीची, ठसठशीत कुंकवाची, स्वतःच्या ब्लाऊजला झकास मोत्याची किनार लावलेली शारदाक्का मान वर करून आम्हाला बघत होती. मिलिंद दिसला आणि कोपर पेडलवरून उचललं गेलं.

"आलास व्हय? ये. काय ऱ्हायलंय आता दावायचं?"

मिलिंद हसत होता, तो थांबला. "काय झालं आक्का?"

"काय झालं इचारतोस? ह्या दोघींच्या हातात बघ काय हाय. काय बी न्हाय! तुळशीची लग्नं झाली की लगीनसराई. दर साली ह्या टायमाला बस्त्याची गठुडी मावत नव्हती हितं."

तिकडे लग्नाच्या कपड्यांची सगळी खरेदी एकदम करतात, तो बस्ता. नवरीचे, आईचे, काकी-मामींचे, सगळ्यांचे ब्लाऊज मग एकाच शिवणारीकडे येतात. एक बस्ता आला की महिन्याचं काम. शारदाक्काकडे पंचक्रोशीतले बस्ते यायचे. व्हिडिओनंतर आलेले लोक वेगळेच होते. कुणी जुन्या साड्या घेऊन आलं, कुणी धान्य. एक बाई नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवून रडून गेली.

"आणि गिऱ्हाईक?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणतंय, आक्का, तुमचे हाल बघून जीव तुटला. एवढं वझं तुमच्यावर कशाला टाकायचं? म्हणून दिलं शेजारच्या गावात!" तिनं कात्री खाली आपटली. "हाल! मला न्हाय ठावं माझे हाल आणि सगळ्या गावाला ठावं! ह्या सीझनला बस्ता आला न्हाय तर ह्या दोघींना घरी बसवायची पाळी हाय माझ्यावर. त्यांची पोरं शाळंत हायत."

"पण आक्का, तुम्हीच रडलात की कॅमेऱ्यापुढं," मिलिंद कसाबसा म्हणाला.

"रडले?" शारदाक्का ओरडली. "आरं मुडद्या, शेजारी चटणीचं कांडप हाय! उन्हाळ्यात सगळं गाव वर्षाच्या चटणीची मिरची कांडून नेतंय. त्या दिवशी सगळ्यांच्याच डोळ्यांना धार लागलीती. तू बी शिंकत हुतास की! स्वतःच्या शिंका कापल्यास आणि माझं पाणी ठिवलंस!"

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी तिची दया नव्हे, मिलिंदची दया आली. तो सतरंजीकडं बघत होता. हेमंतनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तोही त्यानं घेतला नाही.

"मी तुमच्या भल्यासाठी केलतं आक्का," तो हळूच म्हणाला.

"ते ठावं हाय मला. तू वाईट न्हाईस," तिचा आवाजही खाली आला. "पर एक सांग. त्या दिवशी हितंच बसून च्या पिता पिता तू मला सांगत हुतास न्हवं? तुमच्या वसाहतीत टीव्हीवालं आलं, वाचनालय सोडून गटार दावून गेलं म्हणून? तवा तुझं तोंड कसं लालबुंद झालतं. मग माझ्या दारात येऊन तू काय दावलंस?"

कांडपाचं यंत्र त्या दिवशी बंद होतं. मिलिंदचे डोळे भरले ते आपोआप भरले. तो उठला, बाहेर गेला, मोटारगाडीशी बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, संपलं, हा आता आम्हाला घेऊन परत निघतो. तर तो कॅमेऱ्याची पिशवी घेऊन आत आला आणि चप्पल काढून सतरंजीवर मांडी घालून बसला.

"सांगा आक्का. काय दाखवायचं?"

"गिऱ्हाईक दाव. काम दाव. फोन नंबर मोठा टाक. आणि ती बासरी वाजलीच तर तुझा कॅमेरा कांडपात घालीन."

सतरंजीवर

अडचण एकच होती. दाखवायला गिऱ्हाईकच नव्हतं. मिलिंद म्हणाला, कुणाला तरी बसवू खोटं. शारदाक्कानं नुसतं बघितलं, तसा तो कॅमेऱ्याची भिंग पुसायला लागला. मग माझ्या डोक्यात आलं, माझ्या पिशवीत बेळगावची इरकल आहे आणि तिचं ब्लाऊजपीस कुणीतरी शिवायचंच आहे.

सतरंजीवर बसणं मला जमत नाही. कॅलिपरचा गुडघा सोडवून भिंतीला धरून खाली उतरायला हेमंत मदतीला आला, तर शारदाक्का म्हणाली, "थांबा दाजी, त्यास्नी खुर्ची द्या. मला हितनं वर माप घ्यायला येतंय." मला खुर्ची मिळाली. पण खुर्चीवरून बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं, उभं राहून कॅमेरा धरला तर ती बाई किती लहान दिसत असेल. मिलिंद आता तिच्याएवढा खाली होता आणि भिंगातून बघत होता. "हे असं बघितलंच नव्हतं मी," असं स्वतःशीच पुटपुटला.

तिनं माझे खांदे मोजले आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "उजवा खांदा खाली हाय तुमचा. काठीमुळं. गळा ह्या बाजूनं सारखा घसरत असंल." घसरतो की! वर्षानुवर्षं घसरतो. आमच्याकडचे शिंपी संकोचानं माझ्या खांद्याकडं बघायचेच नाहीत आणि मी पिना लावत राहायची. शारदाक्कानं खडूनं दोन खुणा केल्या आणि विषय संपवला.

"मॅडम," मिलिंद कॅमेऱ्याआडून उत्साहानं म्हणाला, "तुम्ही बी अपंग, आक्का बी अपंग, एकमेकींना आधार, असं एक वाक्य..."

"मिलिंद!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"न्हाय, न्हाय. राहिलं."

दुपारी तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगांची चटणी आणि खरडा. खरड्यानं माझ्या डोळ्यांना धार लागली. आमच्याकडच्या तिखटात नारळ मध्ये पडतो आणि भांडण मिटवतो. इथं मिरची एकटीच. शारदाक्का मिलिंदला म्हणाली, "घे, ह्यांचं बी शूटिंग घे." तोही पहिल्यांदा मनापासून हसला. जेवताना तो विचारत राहिला, मोत्याची किनार किती वेळ खाते, नवरीची कुठली मागणी सगळ्यात अवघड. उन्हाळ्यात त्यानं यातलं काहीच विचारलं नव्हतं. ती भरभरून बोलत होती. नवरीपेक्षा नवरीची आत्या जास्त त्रास देते, हे मला नवं होतं.

निघण्याच्या दिवशी

व्हिडिओ मिलिंदनं त्याच रात्री टाकला. आम्ही निपाणीतच मुक्काम वाढवला होता, ब्लाऊज न्यायचा म्हणून आणि, खरं सांगायचं तर, पुढं काय होतंय ते बघायचं म्हणून. मिलिंद रोज येऊन तोंड पाडून बसायचा. बघणारे फारच थोडे. "आधीचाच भारी होता," असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. "रडू आलं नाही," असंही एकानं लिहिलं होतं.

"आक्काच्या कामाचं कुणी विचारलं का?" मी म्हणायची.

"न्हाय मॅडम. पण काढणार न्हाय मी तो. आधीचा काढून टाकलाय." दुबईच्या फोनांचा व्हिडिओ त्यानं पुसला होता. वाहिनीवाल्यासाठी ही काय गोष्ट आहे, हे मला आता कळत होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला.

शेवटच्या दिवशी ब्लाऊज घ्यायला बोरगावला गेलो. शारदाक्कानं तो घालून बघायला लावला. गळा जागच्या जागी. मी आरशापुढून हलेना, हेमंत घड्याळ बघत होता. शारदाक्का हसली, पण त्या दोघी बायका अजून रिकाम्याच बसल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होते.

तेवढ्यात दारात एक रिक्षा थांबली. आडव्या बांध्याची एक बाई खाली उतरली, मागून दोन मोठी गाठोडी उतरली, आणि उंबऱ्यातूनच तिचा आवाज आला.

"शारदे! फोन कशाला ठिवलाईस गं, शोभंला? सकाळधरनं लावतीया!"

"ह्यांचा बिलाऊज शिवत हुते, मशीन चालू हुतं की."

"काय सांगू नगंस. धाकटीचं लगीन हाय, हा बस्ता. मला आठ दिसांत पायजेत सगळे."

"आठ दिसांत? काय येड लागलंय का काय?"

"व्हिडिओत तर लई ऐटीत सांगत हुतीस, कुठलीबी आर्डर घेतीय म्हणून! आणि ह्या खेपंला बाह्या नीट कर. थोरलीच्या लग्नात हात वर करायला येत नव्हता तिला, जेवाण वाढताना टराटरा उसवलं. चार माणसांत माझी लाज काढलीस!"

"तुझी पोरगी हळदीच्या दिवशी बी लाडू खात हुती, त्याला मी काय करू?"

"माझ्या पोरीला बोलतीस?"

दोघींचे आवाज असे चढले की शेजारची माणसं डोकावायला लागली. गाठोडी मधोमध पडलेली. बाईचं बोट शारदाक्काच्या नाकासमोर नाचत होतं, आणि शारदाक्काचं तिच्या. हेमंतला भांडण अजिबात सोसत नाही. गेल्या आठवड्याभरात तो बाजारात बोलला नव्हता, तो आता पुढं झाला आणि म्हणाला, "अहो, जरा समजून घ्या, त्यांना..."

शारदाक्कानं त्याला मध्येच थांबवलं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे असे चमकत होते की मी बघतच राहिले.

"दाजी, तुम्ही मधी पडू नगा," ती म्हणाली. "उन्हाळ्यापास्नं कोण भांडलं न्हाय माझ्यासंगं. भांडू द्या तिला."